पाड्यावरचा नाताळ कॅमेऱ्यात धरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबारचे एक तरुण फोटोग्राफर एरवी लग्नकार्याची कामं करतात. गेल्या नाताळात ते सातपुड्याच्या पायथ्याशी एका कॅथलिक भिल्ल पाड्यावर गेले होते. आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली उपासना, बाहेर रात्रभर ढोल. सातशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन पाहिलं तर मनाला भिडेल असा एकही नाही. ते लिहितात, "आतले काळपट, बाहेरचे धुळीनं भरलेले, आणि जे चांगले आले त्यांत माणसं नाटकात उभी केल्यासारखी दिसतात. काय चुकलं? लेन्स बदलू का?"

लेन्सचं शेवटी बघू. मी पंचवीसेक वर्षं धुळे-नंदुरबार पट्ट्यात सणांचे फोटो काढतोय. काठीची राजवाडी होळी, भोंगऱ्याचे बाजार, अस्तंब्याची यात्रा, आणि मधूनमधून हे कॅथलिक पाडे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची चूक फोटो काढण्याच्या आधीच झाली आहे. तुम्ही 'दोन धर्मांचं मिश्रण' टिपायला गेलात. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यांत सगळ्यात 'चांगला' फोटो कोणता, तर मोरपिसांचा टोप घातलेला पोरगा क्रुसाच्या बरोबर समोर उभा आहे तो. मला एवढंच सांगा, तो पोरगा तिथे आपणहून उभा होता की तुम्ही "भाऊ, जरा इकडे ये" म्हणालात?

हे विचारतो, कारण मी स्वतः तसं केलं आहे. २००१ साली मी एका म्हाताऱ्या आबांना चर्चच्या दारात तिरकामठा धरून उभं केलं. नाताळला कुणी तिरकामठा घेऊन फिरत नाही. माझ्या शब्दाखातर त्यांनी तो घरातून, आढ्याला खोचलेला काढून आणला. फोटो एका साप्ताहिकात छापून आला. खाली ओळ कुणी लिहिली ते कळलं नाही, पण तिचा अर्थ असा होत होता की ही माणसं धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत. तो अंक शेजारच्या गावात फिरला, चावडीवर वाचला गेला, आणि आबांच्या नातवाला शाळेत पोरांनी त्यावरून चिडवलं. पुढची दोन वर्षं आबांनी मला घरात घेतलं नाही. ओळ माझी नव्हती, पण फोटो माझा होता आणि त्यातली मांडणी माझीच होती. ती ओळ लिहायला वाव त्या मांडणीनंच दिला.

पाड्यावरच्या माणसाला तिथे दोन गोष्टी दिसत नाहीत. त्याच्या घरात सण आहे, आणि सण जसा करतात तसा तो करतोय. आपल्या आखाजीचंच, म्हणजे अक्षय्यतृतीयेचंच बघा. घागर भरताना आपली माय पितरांना पाणी देते, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवते, सांजोरीचा नैवेद्य दाखवते, आणि त्याच दुपारी पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात. यातलं कुठलं शास्त्रातलं आणि कुठलं मातीतलं, हे कुणी माजघरात उभं राहून विचारलं तर आपल्याला कसं वाटेल? तो प्रश्न घेऊन कॅमेरा गेला की फोटोतली माणसं आपोआप नाटकातली होतात. खानदेशात तर याचं नवल वाटायलाच नको. यावल-रावेरच्या डोंगरकडेला तडवी भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत आणि भिल्लही आहेत. ते कुणाला कोड्यासारखे वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट माहितीची आहे, आणि ती नसली तर फोटो चांगला येऊनही खोटा ठरतो. कॅथलिक मिस्सा १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषेत व्हायला लागली. त्याआधी ती लॅटिनमध्ये असे. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमनं मान्यता दिली. मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, फुलं-धूप-दिव्याची आरती, फादरांच्या रोमन पोशाखाऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्र, या गोष्टी त्यात आल्या. आता तुम्ही मिस्सेत ताटातली आरती पाहिलीत आणि खाली लिहिलंत 'आदिवासी पद्धतीची आरती'. ते चूक आहे. भिल्लांच्या जुन्या पूजेत असं ताट ओवाळणं नाही, तिथे धार टाकतात, दाणे वाहतात. आरती वरून आली, मान्यतेचा कागद घेऊन. ढोल पाड्यानं आणला, कुणाला न विचारता. दोन्ही एकाच अंगणात दिसतात, पण त्यांची वाट वेगळी आहे. ही वाट माहीत असली की कॅमेरा आपोआप योग्य ठिकाणी वळतो. माझं मत विचाराल तर आरतीपेक्षा ढोल कसणारे हात जास्त मोलाचे आहेत.

म्हणूनच सणाच्या रात्री जाऊन भागत नाही. ढोल आदल्या दोन-तीन दिवसांत शेकोटीजवळ ठेवून तापवतात, दोऱ्या ओढतात, कातड्यावर थाप देऊन कान लावून ऐकतात. गव्हाणीचा देखावा पोरं करतात. त्याला गवत, बांबूच्या कामट्या आणि घराच्या अंगणातली माती लागते, आणि बाळ येशूच्या शेजारी उभी राहणारी बैलजोडी बहुतेक वेळा पोळ्याला केलेल्या मातीच्या बैलांची असते. बाया अंगण सारवतात, भिंतीला पांढरी माती लावतात. या कामात कुणी तुमच्याकडे बघत नाही, कारण काम थांबवता येत नाही. माझे जे फोटो आज मला माझे वाटतात, त्यांतले निम्म्याहून जास्त सणाच्या आधीचे किंवा नंतरचे आहेत.

नंतरचं सांगतो. २ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दिवाळीच्या आसपास येतो, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्या खानदेशात झेंडू असतोच. एका पाड्याचं कबरस्तान टेकडीच्या उतारावर आहे. दिवस कलताना फादर आले, प्रार्थना झाली, प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि ते मोटारसायकलवर पुढच्या गावाला गेले. एक फादर चार-चार, पाच-पाच गावं सांभाळतो, त्याला थांबायला वेळ नसतो. लोकांनी मेणबत्त्या लावल्या आणि तेही पांगले. मी कॅमेरा पिशवीत घातला होता. एक म्हातारी मात्र बसून राहिली. सगळे तिला याहा म्हणायचे, म्हणजे आई. तिनं मेणबत्ती फुटक्या नारळाच्या करवंटीत रोवली होती, वारा लागू नये म्हणून. पदराची गाठ सोडून तिनं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा काढला, वर लाल मिरची ठेवली आणि ते कबरीच्या उशाशी मांडलं. मग एक विडी काढली, त्याच मेणबत्तीवर पेटवली, दोन झुरके घेऊन पेटती राहील अशी केली, आणि भाकरीच्या शेजारी दगडावर ठेवली. विडी विझेपर्यंत ती हलली नाही. विझल्यावर कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण केली, करवंटी तशीच ठेवून उठली आणि माझ्यासमोरून घरी गेली.

त्या वर्षी मी फोटो काढला नाही. पुढच्या वर्षी गेलो आणि आधीच विचारलं, "याहा, फोटो काढू का?" तिनं कबरीकडे बोट केलं. "त्यालाच विचार." मी बसलो. बराच वेळ गेला. अंधार पडायला लागल्यावर तीच म्हणाली, "काढ." तीन फोटो काढले. त्यांत तिचा चेहरा नाही. हात, करवंटी आणि धुराची एक रेघ आहे. त्यात क्रूस शोधला तरी सापडणार नाही, पण तो फोटो पाहणाऱ्याला सगळं कळतं.

आता मिस्सेच्या आतलं बोलू. सगळ्यात आधी फादरांना आणि पाड्यावरच्या मास्तरांना भेटा, तेही सणाच्या दिवशी नाही. मास्तर म्हणजे प्रार्थना घेणारा, पोरांना धर्मशिक्षण देणारा गावातलाच माणूस. फादर बदलून जातात, मास्तर तिथेच असतो, आणि कुठे उभं राहायचं, कुणाच्या घरात दुखवटा आहे, कुणाला फोटो नको आहे हे त्याला माहीत असतं. गावच्या कारभाऱ्यालाही भेटा. चर्चमध्ये फादरांची परवानगी पुरते, अंगणात पुरत नाही.

मिस्सेत एक क्षण असा आहे की तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचाच. घंटी वाजते, सगळे गुडघ्यांवर जातात, फादर आधी भाकर आणि मग प्याला उंचावतात. कॅथलिक माणसासाठी त्या वेळी तिथे ख्रिस्त प्रत्यक्ष असतो. शटरचा आवाजसुद्धा तिथे धक्का देतो. ख्रिस्तप्रसाद घेताना लोकांचे चेहरे जवळून टिपू नका, आणि आपण कॅथलिक नसलो तर रांगेत उभं राहू नका. बाकी अर्पणाची मिरवणूक, गाणी, पोरांची झोप, दाराबाहेर उभे राहून आत डोकावणारे बापई म्हणजे पुरुष, हे सगळं मोकळं आहे. अर्पणाच्या वेळी सुपातून काय येतं ते बघा. ज्वारीची कणसं, मक्याचे भुट्टे, भगर, कोंबडी, कधी भोपळा. वसई आणि मुंबईकडचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' करतात, नव्या भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेतात. पण आपल्याकडे भाताचा पट्टा थोडा, पीक वेगळं, वेळ वेगळी. त्यामुळे तिकडचे फोटो पाहून इकडची अपेक्षा बांधू नका.

प्रकाशाचं. पत्र्याच्या चर्चमध्ये दोन ट्यूब, एखादा स्वस्त एलईडीचा पट्टा आणि मेणबत्त्या असतात. तुमच्या फोटोंत आडवे पट्टे आलेत ते कॅमेरा बिघडल्यामुळे नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. तुम्ही आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत आणि वेग १/२५० ठेवलात, म्हणून पट्टे उमटले. मेकॅनिकल शटर ठेवा, वेग १/१०० किंवा १/५०. आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या. दाणे दिसले तर दिसू देत. फ्लॅश नाही, आतही नाही आणि बाहेर नाचातही नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, कारण ट्यूबचा हिरवट आणि मेणबत्तीचा केशरी रंग एकाच चेहऱ्यावर असतो, तो नंतरच निस्तरता येतो. निस्तरताना एक पाप करू नका, लग्नाच्या अल्बमची सवय असते म्हणून सांगतो. कातडी उजळ करू नका. मेणबत्तीच्या उजेडात सावळी कातडी जशी चमकते, तशी ट्यूबखाली कुठलीच चमकत नाही. ती चमक घालवलीत तर तो फोटो काढण्यात अर्थ नव्हता.

बाहेरच्या नाचात तुमचे फोटो धुळीनं भरले, कारण तुम्ही रिंगणाबाहेर उभे राहून लांबच्या लेन्सनं आत काढत होता. नाचणाऱ्यांची पावलं आणि तुम्ही यांच्यामध्ये सगळी धूळ होती. थोडं नाचा. खरंच सांगतो. बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून साखळी धरतात आणि ढोलवाल्यांभोवती फिरतात. बापयांच्या ओळीत कुणीतरी तुम्हाला ओढलं तर कॅमेरा कुणाच्या तरी हातात द्या आणि जा. दोन फेऱ्यांनंतर तुम्हाला पावलाचा ठेका कळतो, आणि कोणत्या ठेक्याला सगळे एकदम वाकतात हे पायाला कळलं की बोटालाही कळतं. मग ढोलवाल्याच्या पाठीशी, त्याच्या परवानगीनं उभं राहून १/१५ च्या शटरवेगानं काढा. चेहरे हलतील, पण एखादा थांबलेला चेहरा मध्येच सापडेल. एका रात्रीत असा एक सापडला तरी रात्र सार्थकी लागली.

शेकोटी किंवा होळी असेल तर मीटर फसतो, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर घ्या. हे मी काठीला शिकलो. अक्कलकुवा तालुक्यातलं काठी. तिथले लोक ती होळी १२४६ पासूनची सांगतात. अंगभर पांढरे ठिपके रंगवलेले बावा-बुध्या रात्रभर नाचतात आणि होळी पहाटे पेटते. पौर्णिमेचा चंद्र उजाडता उजाडता मावळतो, त्यामुळे पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघितलं तर आग आणि चंद्र एका चौकटीत येतात. पाड्यावरच्या ईस्टरच्या आदल्या रात्रीला हेच गणित बऱ्याच अंशी लागू पडतं, कारण ईस्टरही चंद्रावरच ठरतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्या रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन आत जातात. चंद्र पौर्णिमेचा किंवा त्यानंतरचा असतो, कधी उशिरा उगवतो, पण असतो.

या हिशेबातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. होळी बहुतेक नेहमीच कॅथलिकांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पडते. २४ मार्च २०२४ ला झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आणि होळी एकाच दिवशी होती. काठीचे बावा होळीआधी पाळणी पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, अनवाणी चालतात, खाण्यापिण्याचे आणि संसाराचे नेम पाळतात. त्याच दिवसांत डोंगराच्या अलीकडे एखादा कॅथलिक भिल्ल शुक्रवारी मटण सोडतो आणि क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या स्मरणाची प्रार्थना, चालतो. दोघांचे पाय एकाच धुळीत असतात. यावर कुणी सलग काम करावं असं मला खूप दिवस वाटतंय. तुम्ही तरुण आहात.

एक सावधगिरी. सगळे ख्रिस्ती पाडे सारखे धरू नका. नवापूरकडे मावची समाजात प्रोटेस्टंट मंडळ्या मोठ्या आहेत. तिथे मूर्ती नाही, धूप नाही, भजन आणि वचन हाच गाभा आहे, आणि काही ठिकाणी जुना नाच नको मानतात. तिथे जाऊन ढोल मागू नका.

आणि जिथे नको म्हणतात तिथे नको. मेक्सिकोत चियापास प्रांतात सान हुआन चामुला नावाचं त्सोत्सिल लोकांचं गाव आहे. त्यांचं चर्च जगभरचे फोटोग्राफर बघायला जातात. जमिनीवर पाइनच्या सुया अंथरलेल्या, शेकडो मेणबत्त्या थेट फरशीवर. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे, आणि गाव ती मनाई पाळायला लावतं. तिथून फोटो न काढता परतणारा माणूस रिकाम्या हातानं परततो असं मला वाटत नाही. याउलट बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत ८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात बायाबापड्या मेणाचे हात, पाय, बाळं, घरं घेऊन येतात, आणि तिथे कॅमेऱ्याला फारसं कुणी हटकत नाही. अंगण बदललं की नियम बदलतो. तो नियम अंगणाचा मालक ठरवतो.

फोटोखाली काय लिहायचं याला फोटोइतकाच वेळ द्या. 'आदिवासी' म्हणून थांबू नका. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी जे असेल ते लिहा, त्यांनाच विचारून. पाड्याचं नाव लिहायचं की नाही हेही त्यांनाच विचारा. सध्या एखादा फोटो भलत्या मजकुरासह मोबाइलवर फिरला तर त्याची झळ फोटोतल्या माणसाला लागते, काढणाऱ्याला नाही. पोरांचे चेहरे गावाच्या नावासकट टाकू नका. पैसे देऊन कुणाला उभं करू नका. सणाला वर्गणी म्हणून गुळाची ढेप किंवा तांदळाचं पोतं द्या, सगळे देतात तसं.

छापील फोटो परत नेऊन द्या. चार बाय सहाचे, ग्लॉसी, मागे नाव लिहून. २००१ च्या त्या आबांकडे मी दोन वर्षांनी गेलो तेव्हा त्यांच्या पोराच्या लग्नात सहज काढलेला एक फोटो नेला होता. आबा ढोल वाजवत होते, तोंड उघडं, डोळे मिटलेले. त्यांनी तो उलटसुलट बघितला, काही न बोलता आत गेले आणि मारियाच्या तसबिरीच्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात खोचला. मग चहा आला.

लेन्सचं राहिलं. तुमच्याकडे ५० मि.मी.ची आहे, ती पुरेशी आहे. घ्यायचीच असेल तर ३५ घ्या, एफ १.८ ची, जुनी मिळाली तरी चालेल. ७०-२०० ची लांबची लेन्स घरी ठेवा. आणि या वेळी २० डिसेंबरलाच जा. ढोल तेव्हा तापायला लागलेले असतात.